बांधाखालचा कोळसा

आबा, तुमच्या दोन पोरांनी बांधावर एकमेकांचं रक्त काढलं. दुसऱ्या कुणी तुम्हाला सांगण्यापेक्षा मीच सांगतो. धाकटा परभणीच्या दवाखान्यात पडलाय, खांद्याचं हाड मोडलंय, डोक्याला टाके पडलेत. माझे समोरचे दोन दात गेले. जाऊ द्या, दातांचं काय घेऊन बसलात.

सरकारनं जमिनींचं एकत्रीकरण केलं त्यात तुमचे तीन ठिकाणचे तुकडे जाऊन ओढ्याकाठी एकच सलग रान मिळालं, तेव्हा तुम्ही म्हणे गावभर गूळ वाटला होता. त्याच रानाचे तुम्ही आमच्यासाठी दोन वाटे पाडले तो दिवस मला लख्ख आठवतो. धाकटा पूर्णेला रेल्वेत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. मी खड्डा खणतोय, तुम्ही टोपलीतला चुलीचा कोळसा त्यात ओतताय, वर माती, वर दगड. "दगड सरकतो रं, कोळसा जागचा हालत न्हाई. उद्या मोजणी आली तर हाच साक्षीदार. धाकट्याला बी सांग," म्हणालात. मी हो म्हणालो. सांगितलं नाही.

लहानपणी शेजाऱ्याच्या बांधात मी नांगराची एक रेघ जास्त ओढली, तर तुम्ही मला चाबकानं फोडलं होतं. "दुसऱ्याचा बांध खाऊन कुणाचं पोट भरलंय का रं, भाड्या?" पाठीवर वळ उठले, आईनं तेल लावलं. तरी तुमचं तेरावं झालं त्याच उन्हाळ्यात मी तो दगड उपटून वीस पावलं धाकट्याच्या रानात रोवला. सणावारी येणाऱ्याला काय कळणार? पुढं त्याच पट्ट्यात मी विहीर खोदली. हाताची सालटं निघाली, आबा. पाणी लागलं तेव्हा मी ढसाढसा रडलो. तेव्हापासून ती जागा मला खरोखरच माझी वाटायला लागली. आज माझं सगळं रान त्या विहिरीवर आहे.

आता धाकटा नोकरी संपवून गावाकडं आला. त्यानं मोजणीचा अर्ज टाकला आणि बुधवारी सकाळी नकाशा अन् टेप घेऊन बांधावर उभा राहिला.

"दादा, नकाशात माझं रान विहिरीच्या पलीकडं जायलंय. दगड तुमी हलवला."

"पुन्हा म्हण."

"हलवला! शंभरदा म्हणीन! आबाच्या जागी मानलं तुमाला, अन् तुमी माझ्याच ताटातलं उचललं!"

तो वाकला आणि दगड उपटायला लागला. माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. हातात फावडं होतं, दांडा त्याच्या खांद्यावर घातला. कड्‌ असा आवाज आला. तो वळला अन् मुठीएवढ्या धोंड्यानं माझं तोंड फोडलं. मग मी थांबलोच नाही. "खोटारड्या, भावखाऊ, हरामखोर" असं मी त्याला म्हणत होतो. मी त्याला म्हणत होतो, आबा! डोक्यात दांडा बसला तसा तो दगडावरच आडवा झाला. त्याच्या बायकोची किंकाळी पार वस्तीपर्यंत गेली.

पोलीस दवाखान्यात आले तेव्हा तो म्हणाला, "विहिरीच्या काठावर पाय घसरला." नंतर बायकोला म्हणाला, "आबाचं नाव ठाण्यात नको." मला तिनंच सांगितलं, अन् माझ्या पायाजवळ थुंकली. बरं केलं.

सोमवारी मोजणी आहे. वाट्यांची हद्द नकाशात कच्चीच आहे, जुनी खूण कुठं असली तर दाखवा, असा मोजणीवाल्यांचा निरोप आलाय. आज सकाळी मी विहिरीच्या अलीकडं, आपण दगड रोवला होता तिथं जाऊन पहार मारली. तुमचा कोळसा तिथंच आहे, हाताला काळा लागला. पुन्हा माती लोटून आलो. दाखवला तर विहीर जाते. नाही दाखवला तर कुणाला कळत नाही. सोमवारी माझं तोंड उघडेल का, मला खरंच माहीत नाही.

हा कागद कुठं टाकायचा तेही माहीत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. धाकटा रक्तात पडला तेव्हा मी आधी त्याच्याकडं बघितलं नाही. दगड जागेवर आहे का, ते बघितलं.