शेजारच्या टेबलावर तपासणीविना होणाऱ्या बंदूक-विक्रीबाबत

प्रति,
मा. आयुक्त,
काउंटी प्रदर्शन मैदान,
हॉलिस काउंटी, मिसूरी.

विषय : मैदानावरील बंदुकांच्या बाजारात प्रत्येक टेबलावर गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी सक्तीची करण्याबाबत.
संदर्भ : याच विषयावरचे माझे मागील अर्ज. (उत्तर नाही.)

महोदय,

१. मी परवानाधारक बंदूक-विक्रेता आहे. गिऱ्हाइकाने बंदूक पसंत केली की मला फॉर्म भरून घ्यावा लागतो, त्याच्यावर गुन्हा वा मनाई नाही ना हे विचारायला सरकारी कचेरीत फोन लावावा लागतो आणि पलीकडून होकार येईपर्यंत त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागतात. शेजारच्या टेबलावरचे श्री. डेल ऑस्गुड मात्र 'स्वतःचा संग्रह' विकतात, म्हणून कायद्याने त्यांना परवाना नको की तपासणी नको. नोटा घेतल्या, हात मिळवला, बंदूक दिली. हा संग्रह कित्येक वर्षे संपत नाही आणि कोऱ्या खोक्यांतून निघतो.

२. त्यांच्यापुढे रांग असते. माझ्याकडे येतात ते त्या रांगेत पाय दुखलेले लोक, खुर्ची मागायला. सदर टेबलावर दालचिनीचे रोलही फुकट मिळतात. ते माझी पूर्वपत्नी मार्लीन करते. आमच्या संसारात ते फक्त नाताळला होत. या बाबीचा प्रस्तुत मागणीशी संबंध नाही, तरी नोंद असावी.

३. "आधी तपासणी करा त्याची!" असे मी दर बाजारात ओरडत आलो आहे. "हार्लनच्या पोटात दुखायला लागलं बघा," असे ऑस्गुड म्हणतात. लोक हसतात, मार्लीनही हसते. पूर्वी ती माझ्या विनोदांना तशी हसत असे.

४. काल शनिवारी माझ्या टेबलाशी रेक्स डनवुडी आला. हा आमच्या मुलीचा, नोरीनचा, घटस्फोटित नवरा. त्याने तिच्या आसपासही फिरकू नये असा न्यायालयाचा हुकूम आहे. हे ठाऊक असूनही मी मुद्दाम फॉर्म भरून घेतला व फोन लावला, कारण नकार त्याला सरकारी तोंडून ऐकवायचा होता. नकार आला. खरे सांगतो, मला बरे वाटले. रेक्सने खांदे उडवले, शेजारच्या टेबलाकडे वळला आणि पिस्तूल घेतले.

५. मी ओरडलो. नेहमीचेच शब्द ओरडलो, दुसरे सुचले नाहीत. लोक नेहमीसारखे हसले. ऑस्गुड रेक्सला ओळखत नाहीत. त्यांनी हात मिळवला. मार्लीन तेव्हा रोल आणायला गाडीकडे गेली होती. परतल्यावर तिला सांगितले, तर म्हणाली, "लाज नाही वाटत? आता पोरीचं नाव पुढे करतोस?" ऑस्गुड यांच्याकडे गिऱ्हाइकाचे ना नाव, ना कागद. म्हणाले, "टोपी होती बाबा डोक्यावर, अजून काय सांगू?" दारावरचा पोलीस त्यांच्याबरोबर मासे धरायला जातो. त्याने माझी पाठ थोपटली. "घरी जा हार्लन, जरा पड." नोरीन माझा फोन उचलत नाही. आईने तिला आधीच काही सांगून ठेवले असावे.

६. मला मत्सर वाटतो, महोदय. रांगेचा वाटतो, रोलचा वाटतो, ती त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहते त्याचा तर फारच वाटतो. हे सर्व मान्य आहे. ते वजा करून उरलेले वाचावे.

सबब विनंती की :

(अ) पुढील बाजारापासून तपासणी सर्व टेबलांना लागू करावी.

(आ) हा अर्ज मी रविवार असल्याने आपल्या घरी देत आहे. तो वाचताच आपण स्वतः मार्लीनला फोन करावा आणि नोरीनला आजच तिच्या घरातून दुसरीकडे हलवायला सांगावे. आपला शब्द ती मानील. माझे नाव घेऊ नये. घेतल्यास ती फोन ठेवील.

हे मी धंद्यापोटी लिहिले असे वाटू नये म्हणून परवाना सोबत जोडला आहे. तो परत नको. माझे टेबल श्री. ऑस्गुड यांना द्यावे, त्यांना जागा अपुरी पडते.

आपल्या फाटकापाशी उभा असलेला,
आपला नम्र,
हार्लन व्हिटकम
रविवार, १२ ऑक्टोबर

सोबत :
१) रेक्स डनवुडी याचा नाकारलेला फॉर्म.
२) विक्री परवाना, मूळ प्रत.
३) मार्लीनचा फोन नंबर. माझ्यापायी तिने तो बदलला असल्यास श्री. ऑस्गुड यांच्याकडून घ्यावा.