शालीखालचे पाय

प्रिय ठके,

परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की कारखान्यात तुला पॅकिंग विभागाची प्रमुख करत होते आणि तू नको म्हणालीस. "मागे कोणी असलं की मी मरमर काम करते गं ताई, पण पुढे उभं राहणं आपल्याला जमायचं नाही." मीही हसले. पण फोन ठेवल्यावर ते हसू टिकलं नाही. तुझं हे पालुपद काही नवं नाही. बाळसुद्धा म्हणे सासूबाईंनीच वाढवलं, तू नुसती हाताशी होतीस! अगं, तापात त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या कोण घालत होतं, मी? तेव्हाच तुला चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं, पण फोनवर मला रडू फुटलं असतं. म्हणून लिहितेय. ओळी कागदाच्या बाहेर जाताहेत, त्याला हसू नकोस.

इकडचं म्हणशील तर फाटकावरची आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी मी उतरवली. खिळे इतके गंजले होते की सुताराने आधी खिळ्यांना आणि मग अप्पांना दोन शिव्या हासडल्या. अप्पा असते तर खूश झाले असते, खिळे त्यांनीच ठोकले होते. गाडी धुऊन दारात उभी आहे. शेजारचा न्हावी विचारत होता, बंद का केलं म्हणून. कंटाळा आला, असं ठोकून दिलं. तुला खरं सांगते, पण त्याआधी अप्पांच्या शालीचं सांगायला हवं.

शिकायला आलेला माणूस सुरुवातीला रस्त्याकडे बघतच नाही. तो बघतो शेजारी बसलेल्याच्या पायाकडे. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो ना, त्यावर पाय आहे की नाही यातच याचा सगळा जीव. पाय दिसला की हा निवांत होतो आणि स्वतःचा ब्रेक विसरतो. पाय हलला की घाबरून स्टिअरिंग सोडतो. म्हणून अप्पा ती तपकिरी शाल मांडीवरून पार पावलांपर्यंत घ्यायचे, भर उन्हाळ्यात घामाने निथळत. आई चिडवायची, यांना म्हातारपणाची फार घाई. सगळ्यांना वाटायचं गुडघे धरलेत. मी त्यांच्या जागेवर बसायला लागले तेव्हा कुठे त्यांनी मला सांगितलं, की माणूस तयार झालाय असं वाटलं की शालीखालचा पाय हळूच मागे घ्यायचा आणि चकार शब्द काढायचा नाही.

आईला टेकडीवरच्या दवाखान्यातून घरी आणायला गेलो होतो, तो दिवस तुला आठवतो ना? गाडी तू चालवत होतीस, शेजारी शाल पांघरलेले अप्पा आणि मागे आईची उशी घेऊन मी. वळणावळणाचा चढ, समोर रडतखडत चाललेला ट्रक. मी सहज खाली पाहिलं तर अप्पांनी चपला काढून पाय सीटखाली मागे ओढून घेतले होते. त्यांच्या भेगाळलेल्या टाचा मला दिसत होत्या. सबंध रस्ताभर त्या तिथेच होत्या, ठके. जाताना आणि येतानाही. गृहस्थ खिडकीबाहेर बघत शीळ घालत होते.

घरी उतरल्यावर तू म्हणालीस, अप्पांचा पाय होता म्हणून निभावलं. मग पहिल्यांदा एकटी गाडी काढलीस ती फाटकाच्या खांबावर. अप्पा धावत आले, खांबाकडे ढुंकूनही न बघता आधी तुला चाचपलं. पण तू किल्ली त्यांच्या हातात दिलीस ती कायमचीच. अप्पांनी किती वेळा सांगितलं, माझा पाय नव्हता गं. तुला वाटायचं, समजूत काढताहेत. शेवटच्या आजारपणात ते मला म्हणायचे, "तू टाचा पाहिल्यास ना, सांग तिला." मी सांगितलं, तर तू माझ्यावरच चिडलीस, लहान मुलासारखं समजावू नकोस म्हणालीस. ती एक गोष्ट मनात घेऊनच ते गेले. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

आता पाटीचं. माझ्याकडे एक नर्सबाई शिकत होत्या, तुझ्यासारख्याच, सतत माफी मागत गाडी चालवणाऱ्या. एका चौकात त्यांनी करकचून ब्रेक मारला. एक सायकलवाला आमच्या अगदी पुढ्यातून गेला. घाम पुसत मला म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून वाचलो." ठके, मी सायकल पाहिलीच नव्हती. माझा पाय जागचा हलला नव्हता. त्यांना तसं सांगितलं, तर त्याही तुझ्यासारख्याच हसल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, बराच पुढे गेलेला. दोन्ही बाजूंचं दिसणं गेलंय, समोर एक लहानशी खिडकी उरली आहे आणि तीही मिटत चाललीय, दुखणं औषधांना दाद देत नाही. गेलेलं परत येत नाही म्हणाले. पुष्कळ रडले, तुझ्यापासून काय लपवायचं. मग एकेक आठवत बसले, काय काय बघायचं राहिलं. एवढ्या लोकांच्या शेजारी बसून शिकवलं, पण गाडी चालवणाऱ्याचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही, नजर सदा रस्त्यावर. टेकडीच्या दिवशीही मागून तुझी वेणी तेवढी दिसली. म्हणून ये. उशीर करू नकोस. आधी रिकाम्या मैदानात हात बसव, हवे तितके दिवस घे, आणि मग मला त्या टेकडीवर ने. शाल घरीच ठेवीन. सीटवर मांडी घालून बसेन, दोन्ही पाय तुला दिसतील असे. आणि खाली सोडले तरी काय, ब्रेक कधी दाबायचा हे मला कुठे दिसणार आहे? रस्ता तू बघ. मी तुझ्याकडे बघेन.

वाट पाहणारी,
तुझीच ताई