केक सपाट येईना

गुरुवार, १३ नोव्हेंबर १९५८

पुन्हा वाकडा! दाराच्या बाजूला टम्म फुगलेला आणि समुद्राच्या बाजूला बसलेला — कच्चा, चिकट, नुसता पिठाचा गोळा. भाऊबीजेचा दिवस म्हणून तोंडातून शिवी येऊ दिली नाही. मनात भरपूर दिल्या.

उभी हयात बोटीवर पीठ मळण्यात गेली. बोट एका कुशीवर कलंडलेली असताना केक काढलेत मी, साहेबलोकांनी दोन-दोनदा मागून खाल्लेत. आणि इथे, जी जमीन हलत नाही तिच्यावर माझा केक तिरका.

गंगारामने पाहिला आणि पोट धरून हसला. "ह्यो केक काय फोंड्याचो घाट रे, दत्ताराम? एका अंगान चढ, दुसऱ्या अंगान उतार." हसायला त्याचं काय जातं! बोटीवरचा माझा जुना सोबती. आता गिरगावात एका केकच्या दुकानात आहे, दिवाळीला गावी आलाय. तुळशीची लग्नं झाली की देवगडहून बोटीने परत. त्याच्याबरोबर मला माझा एक केक घेऊन शेटकडे जायचं आहे. पसंत पडला तर दुकानात मला जागा, नाहीतर नाही. शेट लग्नाचे तीन मजली केक करतो — खालचा तिरका असला तर वरचे दोन नवरीच्या मांडीवर. शिवाय त्याची भट्टी लाकडाची, जुनी, एकीकडेच तापणारी. म्हणून माणसाचा विस्तवावरचा हात बघायचाय त्याला. "बोटीच्या भट्टीत कोणव करीत. घराच्या चुलीर करून दाखव म्हणता शेट."

बरं. दाखवतो.

शुक्रवार, १४

रीत काही वेगळी नाही. मोठ्या टोपात रेती, रेतीवर केकचा डबा, टोपावर झाकण, झाकणावर करवंटीचे निखारे. खाली विस्तव, वर विस्तव. माझी बायको नर्मदा तवशाचं धोंडस करते ते असंच — ह्याच चुलीवर, ह्याच टोपात. किसलेली जून काकडी, रवा, गूळ, संपलं. ना मोजमाप, ना घड्याळ. आणि दर वेळी पाटासारखं सपाट! काल मला ऐकवलंन, "तुमी बोटीर काय शिकलास तां देव जाणा."

त्यात तो नियम. धोंडस निखाऱ्यावर चढलं की पुरुषाने चुलीकडे थांबायचं नाही. माझ्या आईपासून चालत आलेला. नर्मदेने तो केकलाही लावला. म्हटलं, अगो, केक विलायती, त्याला कसली आलीय दृष्ट? "विलायती आसलो तरी चूल हयसरची आसा. बापयमाणसाची नजर लागता." झालं. मी केक चढवून द्यायचा आणि पडवीत जाऊन बसायचं. निखाऱ्यांवर लक्ष ती ठेवणार.

आजचाही वाकडा.

शनिवार, १५

वारा! सुचलं कसं नाही इतके दिवस? चुलीजवळची खिडकी समुद्राकडे. वाऱ्याने त्या बाजूचे निखारे भराभर जळून राख होत असणार. सकाळीच खिडकीला माडाचा झाप बांधला, वर गोणपाट. स्वयंपाकघरात काळोख आणि धूर. नर्मदा खोकत होती.

केक वाकडा. त्याच बाजूला.

सोमवार, १७

गावठी अंडी लहान म्हणून एक जास्त घातलं. वाकडा.

मंगळवार, १८

आज चुलीवरच आलो. ताटात पाणी ओतून चुलीवर ठेवलं. समुद्राकडचं अंग किंचित खाली दिसलं. दगड उचकटून माती भरली, सारवलं, वाळवलं, पुन्हा ताट ठेवलं. पाणी जागच्या जागी. नर्मदा दारात उभी — "माजी चूल मोडलास." मोडली नाही, सुधारली म्हटलं. दुपारचं जेवण शेजाऱ्यांच्या चुलीवर झालं. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

संध्याकाळी माझा केक वाकडा. नंतर तिचं धोंडस, सपाट! इतका राग आला की दोन तुकडे खाल्ले.

या घरात मी पाहुणा आहे, दुसरं काय. बोट सोडून चैत्रात आलो. भावांच्या जाळ्याला माझी गरज नाही. होडीत बसलो तर मध्ये मध्ये येतो म्हणतात. लेक चंद्रावती लग्न होऊन शिरोड्याला. भेटेल तो विचारतो, "परत कदी जातलास?" जसं काही मी इथला नाहीच. सकाळी पडवीत बसतो, ऊन पायाशी येतं, मग खुर्ची मागे सरकवतो. धडधाकट माणसाचे हे उद्योग? गिरगावात निदान पहाटे उठायला कारण असेल. मला जायचंय. आणि हा केक जाऊ देत नाही.

शुक्रवार, २१

राग उतरलेला नाही. लिहितो तरी.

केक चढवून पडवीत आलो. बिडी काढली तर काडेपेटी नाही. ती चुलीकडच्या कोनाड्यात. नियम गेला खड्ड्यात म्हणून आत गेलो. नर्मदा टोपाशी उकिडवी बसलेली, हातात सांडशी. झाकणावरचे समुद्राच्या बाजूचे निखारे एक-एक उचलून परत चुलीत टाकत होती.

"काय करतंस गो?"

दचकली नाही. सांडशीतला निखारा आधी चुलीत टाकला, मग माझ्याकडे पाहिलंन.

"दिसता ताच करतंय."

एवढा मैदा! एवढी अंडी! खिडकीला झाप, चुलीखाली माती, गंगारामचं ते दात काढणं — आणि ही रोज माझ्या पाठीमागे! मी ओरडलो. शेजारची पार्वती कुंपणाशी आली, तिच्यासमोरही ओरडलो. म्हटलं, जाऊ नका म्हणून तोंडाने सांगायला काय झालं होतं?

"सांगान रवणार होतास?"

नव्हतो. खोटं कशाला लिहू.

मग ती म्हणाली, "लगीन झाल्यापासून तुमका पोचवूकच बंदरार येतंय. आता येवचंय नाय." आणि केक उतरवायला वळली. करपेल म्हणून!

आज तिच्याशी बोललो नाही. जेवलो मात्र. माशांचं सार बरं झालं होतं, तेही सांगितलं नाही.

शनिवार, २२

नर्मदेने देवीची शपथ घेतलीन — यापुढे केकला हात लावणार नाही. न विचारता घेतलीन. अंडी आणि मैदा एकाच केकपुरते उरलेत. तो मंगळवारी. बोट बुधवारी.

रविवार, २३

तुळशीचं लग्न. अंतरपाटाचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. पोरं अक्षता टाकायची सोडून चिंचा-आवळ्यांवर डोळा ठेवून. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे.

दुपारी बघतो तर माझी ट्रंक अंगणात उघडी. लोकरीचा कोट दोरीवर उन्हात, गंजिफ्रॉक धुऊन घडी घातलेले, कोकमाची पुरचुंडी, खारवलेली सुरमई तट्टावर. मी म्हटलं, हे कोणी सांगितलं? "कोण सांगतलो? कोटाक कसर लागली होती." एवढंच. डोळे कोरडे, आवाज साधा.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला मी पुरून उरतो. ह्याचं काय करायचं? चिडचीड नुसती. कोट दोरीवरून काढून आत आणला, तिने परत नेऊन टांगला. मग मी तिथेच ओट्यावर बसून राहिलो, कावळे सुरमईवर येऊ नयेत म्हणून.

मंगळवार, २५

केक वाकडा. गंगाराम या खेपेला हसला नाही. "आता शेटाक काय सांगू?" म्हटलं, सांग, दत्तारामाचो हात गेलो. तो एकटाच देवगडला गेला.

नर्मदेने शपथ पाळली. केक चढल्यापासून उतरेपर्यंत चुलीकडे फिरकली नाही. खिडकीचा झाप मी काढलाय, तिला वाटतंय, वाऱ्याने झालं. मीही हो म्हटलं.

मध्ये एकदा झाकण उचलून पाहिलं होतं. पाटासारखा. चारी बाजूंनी सारखा वर येत होता. झाकण परत ठेवलं, सांडशी घेतली आणि समुद्राकडचे निखारे काढून चुलीत टाकले.