हॉलची खिडकी लावू नका

पप्पा,

मी ऑफिसला निघतेय. खिचडी कुकरमध्ये आहे. मेसेज केला असता तर तुम्ही नुसता अंगठा पाठवून मोकळे झाला असतात, म्हणून चिठ्ठी.

मी सध्या जे जे ऐकतेय ते सगळं हॉलमधल्या स्पीकरवर लावून ठेवलंय. आधी तेलुगू रॅप, मग कव्वाली, मग कोरियन पोरांची ती गाणी, जी तुम्हाला भांडी पडल्यासारखी वाटतात. हे सगळं तुम्ही खिडकी उघडी ठेवून ऐकता. शेवटी केसरबाई आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, चौदा एप्रिलला गावी मी फोनवर रेकॉर्ड केलेल्या. तिच्या तोंडून बाबासाहेबांचं नाव निघालं की तुम्ही उठून खिडकी लावता.

काल तर हद्द झाली. घरमालक वर येऊन म्हणाले, "ये किसका गाना है?" आणि तुम्ही म्हणालात, "मालूम नै साब, बच्ची लगाके बैठी."

मालूम नै? तुमच्या आईचा आवाज आहे तो!

बरकतपुऱ्यात हे घर मिळायला चार महिने लागले होते, विसरले नाही मी. तरीही खिडकी सताड उघडून चाललेय. आज परत विचारलं तर सरळ सांगा, "मेरी माँ गा रही है." जमणार नसेल तर त्यांना चहा पाजून बसवून ठेवा. मी सातला येऊन सांगते.

आणि रविवारी आजी येतेय. ती भाकरी थापतानाही गाते. तिला कुठलं बटन दाबून बंद करणार आहात?

तुमची लेक, मित्रा