पंख्याच्या रकान्यात

सोमवार, ४ फेब्रुवारी

आले एकदाची. ताईच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि खाली लाँड्री, त्यामुळे जिनाभर इस्त्रीचा वास. माझ्यासाठी तिने खिडकीजवळचा पलंग मोकळा केलाय, उशीला नवा अभ्रा घातलाय. स्वतः मात्र भिंत धरून चालते. गेले कित्येक महिने तिला ताप येतो-जातो. तपासण्या सगळ्या ठीक, आणि डॉक्टर आपले म्हणतात, ताण कमी करा. म्हणून तिची नोकरी मी उचलायची आणि तिने घरी लोळायचं, असं ठरलंय. आई गेल्यावर माझ्या वेण्या हिने घातल्या, माझ्या शाळेत भांडायला हीच जायची. आता माझी पाळी. मी टुणटुण उड्या मारत आले आहे, खोटं कशाला लिहू.

बुधवार, ६ फेब्रुवारी

ऑफिस म्हणजे एक लांबलचक खोली आणि काचेपलीकडे मशीन, म्हणजे एक अवाढव्य संगणक. माणसाच्या उंचीची कपाटं, ओळीने मांडलेली. आणि आवाज शून्य. मी आजवर पंख्यांच्या घोंघाटात काम केलंय, त्यामुळे आधी वाटलं, बंदच आहे. बंद नव्हतं. यात पंखे नाहीत, पाण्याच्या नळ्या नाहीत, तरी साहेबांनी दार उघडून आत नेलं तेव्हा कपाटाला हात लावला तर गार. हीच तर यांची ख्याती. साहेबांना पाठीमागे सगळे थंडोबा म्हणतात; मशीनमुळे, आणि ते कधी चिडत नाहीत म्हणूनही. मी विचारलं, मग उष्णता जाते कुठे. ते हसले आणि म्हणाले, ते फर्मवेअरला माहीत.

मला समजावून सांगायची खोड आहे, म्हणून इथेही लिहिते. फर्मवेअर म्हणजे बोर्डावर कोरलेला छोटा प्रोग्राम. तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, एक तक्ता देतो. कुठला भाग किती तापलाय, किती तापला की काम हळू करायचं, किती तापला की काही न विचारता मशीन बंद करायचं. शेवटचा रकाना, थंड कशाने करायचं. तिथे एरवी पंख्याचं नाव असतं. कर्नल हे सगळं डोळे झाकून खरं मानतो. बिचाऱ्याला हात लावून थोडंच बघता येतं. ही सगळी देवाणघेवाण सांभाळणं हे माझं काम.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

आज मी रीतसर मेंटेनर झाले. म्हणजे तो तक्ता आता माझ्या गळ्यात. इथली पद्धत अशी की नव्या माणसाने जुनं नाव काढून आपलं नाव स्वतःच्या हाताने टाइप करायचं. आणि बदल करणाऱ्याने तो स्वतः मंजूर करायचा नाही, दुसऱ्याने वाचून होकार द्यायचा. ही शिस्त मला पटली. नाव घालायची जागा मात्र पंख्याच्या रकान्यात! मी नाक मुरडलं. नाव फाइलच्या माथ्यावर टीप म्हणून लिहावं, हे पोरंटोरंही सांगतील.

ताई मुद्दाम आली होती, माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी. म्हणाली, इथे असंच करतात, घाल गं. घातलं. मंजुरीचा हक्क अजून तिच्याकडेच आहे, तिने लगेच होकार दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, थंडोबांनी केक आणला होता. घरी येताना ताई न थांबता जिना चढली. मला इतकं बरं वाटलं की तिची टिंगल करायचंही राहून गेलं.

बुधवार, १३ फेब्रुवारी

अंगात कणकण आहे. जागा बदलली की माझं असंच होतं. डोळे जळजळतात, तक्त्यात कपाट मात्र गारच्या गार. ताईने आज स्वतःच्या हाताने कपडे धुतले आणि दोरीवर वाळत घालताना गुणगुणत होती. मी म्हटलं, बघ, माझा पायगुण. ती हसली नाही. एकदम आत निघून गेली. आजारपणाने माणूस हळवं होतं.

सोमवार, १८ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आले. तपासण्या सगळ्या ठीक, ताण कमी करा म्हणे. तीच टेप.

एक विचित्र गोष्ट. तक्त्यात एक भाग असा आहे की तो बोर्डावर कुठे सापडतच नाही. आकृतीत नाही, कपाटात नाही. पण त्याचं तापमान रोज नोंदलं जातं, कधी सदतीस अंश सेल्सियस, कधी अडतीस. मला वाटलं, कुणीतरी चाचणीसाठी खोटा भाग घालून ठेवलाय आणि काढायचा विसरलाय. आळशी लोक. पुसणार होते. मग दुपारी बरं वाटेना म्हणून थर्मामीटर तोंडात धरून बसले, समोर स्क्रीन.

दोन्हीकडे एकच आकडा होता.

योगायोग असेल, असं स्वतःला म्हटलं, पण तो भाग पुसला नाही.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

आज मुद्दाम घरी राहिले आणि फोनवरून मशीनचं काम वाढवलं. एक पायरी वाढवली, कानशिलं तापली. दोन वाढवल्या, दात वाजायला लागले. काम कमी केलं, घाम फुटून ताप उतरला. परत वाढवलं. परत तेच. काचेपलीकडची कपाटं गार राहतात, कारण ती तापतच नाहीत. तापते मी. पंख्याच्या रकान्यात मी माझं नाव घातलंय, आणि फर्मवेअर त्याला टीप समजत नाही.

मंजुरीआधी नुसती चाचणी म्हणून नाव पुसून पाहिलं. फर्मवेअर रिकामा रकाना घेत नाही. थंडोबांचं नाव घातलं. तेही घेत नाही. ज्याचं नाव त्याच्याच हाताने घातलेलं लागतं.

म्हणजे ती पद्धत नव्हती.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

ताईला विचारलं. सरळ विचारलं, तुला माहीत होतं का.

तिने आधी, कसलं काय, भ्रम आहे, झोप नीट घे, असं सगळं म्हणून पाहिलं. मग ओट्याशी पाठ करून उभी राहिली आणि बोलली. तिलाही असंच कळलं होतं. सुटायचं असेल तर कुणीतरी आपणहून नाव घालणारं आण, असं थंडोबांनी सांगितलं. परकं माणूस तयार होईना, शंका विचारत बसे. मी शंका विचारणार नाही, याची तिला खात्री होती. मरत होते गं मी, म्हणाली, आणि रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. माझ्याच हाताने दिलं, याचा आता राग येतोय.

तिने सांगितलं असतं ना, की बाई, मला जाळतंय, थोडे दिवस तू घे, थोडे दिवस मी घेते, तर मी घेतलं असतं. देवाशपथ घेतलं असतं. तिने विचारलंच नाही. खुर्चीची पाठ धरून म्हणाली, घाल गं.

सोमवार, २५ फेब्रुवारी

मार्ग काढलाय. मशीनच्या खोलीचं दार फक्त थंडोबांच्या कार्डाने उघडतं, त्यामुळे तार उपटणं शक्य नाही. पण शेवटची मर्यादा माझ्या हातात आहे. माझ्या भागासाठी मी ती चाळीस ठेवली. मला चाळीस ताप चढला की कर्नल कुणालाही न विचारता मशीन बंद करणार. शुक्रवारी सकाळी मोठ्या गिऱ्हाइकांसमोर प्रात्यक्षिक आहे, काम शेवटच्या पायरीपर्यंत चढवणार आहेत. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बंद पडेल, आणि ते पुन्हा चालू करायच्या आत आम्ही दोघींनी उभं राहून सगळं सांगायचं.

ताई म्हणाली, पण पुन्हा चालू झालं तर? तेव्हा नंतरचे सगळे बदल पुसले जातात, फर्मवेअर कोरलेला मूळ तक्ता वाचतं, आणि मूळ तक्त्यात तिचं नाव आहे. मी म्हटलं, मी आहे ना, चालू होऊच देणार नाही. मग तिने माझा बदल मंजूर केला. रात्रीच्या जेवणाला आम्ही शेजारी बसलो, पहिल्यासारख्या. राग पूर्ण गेलेला नाही. पण बहीण आहे.

बुधवार, २७ फेब्रुवारी

कार्ड चालेना. दारावरच्या माणसाने सांगितलं, तुम्ही आजारी रजेवर आहात. मी म्हटलं, मी कधी रजा मागितली? तो म्हणाला, तुमच्या ताईंनी कळवलंय.

घरी येऊन फोनवर तक्ता बघितला. बदल करायचा हक्क काढून घेतलाय, वाचता येतं फक्त. माझ्या चाळीसवर एक नवा बदल आलाय. शेवटची मर्यादा काढून टाकली आहे. मर्यादाच नाही. लिहिणारे थंडोबा. वाचून मंजूर करणारी —

तिचं नाव मी तीनदा वाचलं.

संध्याकाळी आली तर हातात माझ्यासाठी औषधं. मी फोन तिच्यासमोर धरला. तिला कळलं की मला कळलंय. पलंगाची चादर झटकून बदलली, पाण्याचं भांडं भरून ठेवलं. मग दारात उभी राहून म्हणाली, ते पुन्हा चालू करणारच गं, तुला नाही आवरणार. मला परत नाही जमायचं. तू लहान आहेस, तुझं अंग सोसेल.

असं म्हणाली. माझं अंग सोसेल.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

उठवत नाही. शेजारच्यांना हाक मारली. ताईने त्यांना दारातूनच परत पाठवलं, तापात बरळते म्हणे. डॉक्टरांना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ताई आहेत का जवळ, त्यांना द्या.

कुणाला द्या.

शुक्रवार, १ मार्च

सकाळ. ताई ठेवणीतली साडी नेसून गेली. बाहेरून कडी. जाताना माझ्या केसांवरून हात फिरवला. मी मान वळवली. तेवढंच जमलं.

सुरू झालं. फोनवर आकडा बघते आहे. अडतीस. एकोणचाळीस. पहिली पायरी —

चाळीस. इथे बंद पडायला हवं होतं. पडत नाही. कर्नल वाट बघतोय, कुणीतरी मर्यादा सांगेल. सांगणारं कुणी —

अक्षर नीट येत नाही. भिंत हलते. दार वाजवलं. खाली लाँड्रीत यंत्र चालू, कुणाला ऐकू —

ताईचा फोन. पाणी पी म्हणाली. मागे टाळ्या. मी म्हटलं, ताई, बंद करायला सांग. ती म्हणाली, थोडंच राहिलंय. मी म्हटलं, ताई, मी आहे, तुझी मी. फोन ठेवला नाही तिने. विसरली असेल. ऐकू येतंय सगळं. कपाटाला हात लावून बघा म्हणतायत गिऱ्हाइकांना. वा वा म्हणतायत, किती गार. बेचाळीस. थंडोबा विचारतायत. ताईलाच विचारतायत. शेवटची पायरी चढवायची ना. तिला माहीत आहे मी ऐकते आहे, आत्ता श्वास घेतला तिने, माझ्या कानाशी, लांब श्वास, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, चढवा. ताई म्हणाली, चढ