निळ्या पट्टीचं कार्ड

रविवार, संध्याकाळ. अल मुंतझा, दोहा.

आज, इथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, कॅम्पसवर मीटिंग झाली. अमेरिकेतल्या आमच्या मूळ युनिव्हर्सिटीला सरकारी निधी हवा असेल, तर प्रत्येक कर्मचाऱ्याला काम करायची परवानगी आहे का, ते तपासावंच लागणार. इथल्या दोहाच्या शाखेतसुद्धा. गुरुवारी आमच्या लायब्ररीची पाळी.

आणि मी नवऱ्याच्या फॅमिली व्हिसावर! वर्क परमिट काढलेलंच नाही. नोकरीवर घेताना मॅनेजर म्हणाले होते, “होऊन जाईल, इन्शाल्ला.” गळ्यात निळ्या पट्टीचं स्टाफचं कार्ड पडलं आणि मीही निवांत झाले. कशी झाले?

निखिल म्हणतो, “अगं, फार तर नोकरी जाईल.” फार तर? माझा व्हिसा त्याच्या नावावर आहे. त्याच्यावरच शेकलं तर? सईची शाळा?

स्वयंपाकघरात जायला निघाले, तर दारात सई. माझं कार्ड तिच्या गळ्यात, निळी पट्टी पार गुडघ्यापर्यंत. सिक्युरिटीवाला झाली होती. हात आडवा करून म्हणाली, “आयडी प्लीज, मम्मा.”

“ते तर तुझ्याच गळ्यात आहे गं.”

“नो आयडी, नो एन्ट्री!”

एरवी तिला उचलून आत गेले असते. आज पाऊलच उचलेना.