टाकीपुढचा आरसा

सोमवार, ४

टीव्ही गेला! म्हणजे बिघडला नाही, झोपायच्या खोलीत गेला. त्याच्या जागी, बरोब्बर माझ्या खुर्चीसमोर, हिची माशांची नवी टाकी. जुनी लहान पडत होती म्हणे. मला विचारलं? छे! मी आपला सोफा सरकवायला उठलो, तर म्हणते, ‘‘तुम्ही बसा हो, आराम करा.’’

आराम करा! रिटायर झाल्यापासून या घरात दुसरं वाक्यच ऐकलेलं नाही. भाजी आणायला नको, बिल भरायला नको. डेपोत वेळापत्रकं मी करायचो — अख्ख्या शहराच्या बसगाड्या माझ्या कागदावर सुटायच्या. आणि आता सोफा हलवायचीही माझी लायकी नाही.

मंगळवार, ५

आज माशाची बदली झाली. एकाच. बाकीचे टेट्रा मासे जुन्याच टाकीत, स्वयंपाकघरात. ‘‘आधी एक सोडून बघते, पाणी मानवतंय का.’’

काय ते लाड! आधी त्याला पिशवीसकट पाण्यावर तरंगत ठेवलं. मग पिशवीत वाटीवाटीनं नवं पाणी. ही स्टूल टाकून शेजारी बसलेली. मी एका संध्याकाळी खुर्ची सोडली आणि दुसऱ्या सकाळी घरी बसलो, तेव्हा मला कुणी तरंगवलं नव्हतं.

वर तो स्पंज! जुन्या फिल्टरमधला, शेवाळलेला, बुळबुळीत, बघून शिसारी यावी असा. तो न धुता मोठ्या मानानं नव्या टाकीत. मी धुवायला उचलला तर ही किंचाळलीच. ‘‘अहो, त्यात चांगले जंतू असतात! ते गेले तर पाणी नासेल!’’ आणि माझी डेपोची बॅग? ती कळकट दिसते म्हणून गेल्या आठवड्यात भंगारात!

बुधवार, ६

डेपोतून फोन नाही. एकाचाही.

गुरुवार, ७

नवं फर्मान. हॉलचा दिवा लावायचा नाही. दार आपटायचं नाही. काचेवर टिचकी मारायची नाही. खोकला आला तर आत जायचं! मासा बिचकतो! तो दगडामागे दडून बसलाय, मी खुर्चीत. दोघं एकमेकांकडे बघतोय.

पण खरा संताप त्याचा नाहीच. संताप डब्याच्या टोळीचा. आम्ही पाचजण इतकी वर्षं माझ्या टेबलावर डबे उघडत आलो. कुणाच्या डब्यात काय आहे हे झाकण काढायच्या आधी वासानं ओळखायचो. निरोपाच्या दिवशी घुम्या गळ्यात पडून रडला. (घुम्या हे नुसतं नाव. तोंडाला कुलूप कधीच नाही.) ‘‘साहेब, रोज फोन करीन!’’ रोज? एकदा तरी कर की लेका! गरज सरो, वैद्य मरो. मीही करणार नाही. मी का आधी करू?

दुपारी जेवायच्या वेळेला फार वाईट वाटतं. लिहून टाकलं.

शनिवार, ९

मासा खात नाही. रंगही उतरलाय. दाणे तसेच तळाशी पडून. मी म्हटलं, काहीतरी कर. ‘‘मागे लागायचं नसतं. एकटं सोडलं की रुळतात आपोआप.’’ अगं, पण किती एकटं सोडशील? मरेल तो!

ही दिवसभर कामात. मी दिवसभर त्याच्यासमोर. मला दिसतं ना. दुपारी खिडकीचा उजेड येतो तेव्हा बाजूच्या काचेत त्याला त्याचंच रूप दिसतं. तेवढ्या वेळापुरता दगडामागून निघतो, काचेला तोंड लावून उभा राहतो. उजेड सरकला की परत दगडामागे.

उठलो. दाढीचा आरसा आणला आणि काचेला बाहेरून टेकवला. आला! त्या आरशातल्या माशाशेजारी जाऊन उभा राहिला. वर गेला, खाली आला, तिथून हलेना. मी चक्क डोळे पुसले — एवढ्याशा माशासाठी! कुणी बघत नव्हतं ते बरं.

रविवार, १०

हिनं आरसा बघितला. ‘‘हे काय मांडलंय?’’

मग मी काही बाकी ठेवलं नाही. ‘‘पाण्याला काय झालंय? पाणी उत्तम आहे! त्याला त्याची टोळी हवी! कळपातला जीव, आणि तू त्याला एकट्याला बाजूला काढलंस. वर अंधार केलास!’’

हिनं फणकाऱ्यानं मासेवाल्याला फोन लावला. तो काय म्हणाला ते मला इथवर ऐकू आलं. ‘‘ताई, पाणी मुरलं की हे सगळे एकदम सोडायचे असतात हो!’’

दुपारी सगळे सोडले. पिशव्या, वाट्या, सगळा सोहळा पुन्हा. यावेळी एक वाटी माझ्या हातात दिली. आमचा मासा क्षणभर दबकला आणि सुळकन जाऊन त्यांच्यात मिसळला. संध्याकाळी दाणे खाल्ले! ही म्हणाली, ‘‘चुकलंच माझं.’’ लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकलं हे.

मंगळवार, १२

औषधांच्या दुकानात घुम्या! मला बघितलं आणि चक्क जाहिरातीच्या फलकाआड लपला. एवढा धिप्पाड माणूस! कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली. म्हटलं, तोंड लपवण्याइतकं काय केलं मी तुमचं?

रडकुंडीलाच आला. ‘‘साहेब, शप्पथ आहे, वहिनींना सांगू नका. त्यांनीच बजावलंय सगळ्यांना. इतक्यात फोन करू नका, डेपोचा विषयही काढू नका. साहेबांना त्रास होईल, जरा एकटं सोडा, रुळू द्या, म्हणाल्या. कितीदा नंबर लावला आणि ठेवून दिला साहेब. तुमच्या टेबलावर कुणी डबा उघडत नाही.’’

घरी कसा आलो ते आठवत नाही. डोक्यात नुसता जाळ. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. ही टाकीपुढे वाकून दाणे टाकत होती. तोंडातून एवढंच निघालं — ‘‘मला एकट्याला का गं बाजूला काढलंस?’’

दाण्यांचा डबा हिच्या हातात तसाच राहिला.

बुधवार, १३

दुपारी बेल वाजली. दारात टोळी! चौघेही, डब्यांसकट. मागून ही म्हणाली, ‘‘या वेळी सगळे एकदम सोडलेत.’’

राग गेलेला नाही. पण दोन घास जास्तच जेवलो.